भिंतीचा ऋतू

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा लागला की बीजिंगच्या उत्तरेकडच्या डोंगरांत चालणाऱ्यांची गर्दी वाढते. त्या भागात वर्षाचा बहुतेक पाऊस जुलै-ऑगस्टमध्ये पडून जातो. मग हवा कोरडी होते, आभाळ निवळतं आणि एका धारेवर उभं राहिलं की पुढच्या चार-पाच रांगा सुट्या सुट्या मोजता येतात. उतारांवरचे ओक तांबूस-पिवळे पडतात. डोंगरांवरचा लाल रंग पुष्कळांना मेपलचा वाटतो, पण तो बराचसा ह्वांगलू नावाच्या बुटक्या झाडाचा असतो, आणि हे झाड आपल्या आंब्या-काजूच्याच कुळातलं आहे. या रंगांमधून, डोंगराची धार जिथे जाईल तिथे तिच्यामागोमाग गेलेली मिंग काळातली तटबंदी आपण ‘चीनची भिंत’ म्हणून ओळखतो. तिच्यावरच्या वाटा अनेक आहेत. गुबेइकोउच्या खिंडीतून निघून पूर्वेला जिनशानलिंगकडे जाणारी वाट मला त्यांत सर्वांत बोलकी वाटते. ही खिंड बीजिंगच्या ईशान्येला साधारण सव्वाशे किलोमीटरवर आहे आणि तिथून पुढे दिवसभराची चाल आहे. मध्ये लष्करी हद्द लागते, म्हणून काही अंतर तट सोडून खालच्या पायवाटेनं जावं लागतं. काही बुरूज शाबूत आहेत, काही अर्धे ढासळलेले. काही ठिकाणी फांजीच्या विटा उखडून त्यांतून झुडपं वर आली आहेत, तर जिनशानलिंगच्या बाजूला दुरुस्त केलेला, नीट पायऱ्यांचा तट मिळतो.

आज हा ऋतू सहलीचा आहे. ज्यांनी ही भिंत बांधली त्यांच्या लेखी मात्र वर्षातला सर्वांत धास्तीचा काळ हाच होता. ही तटबंदी समजून घ्यायची असेल तर तिची लांबी-उंची थोडी बाजूला ठेवून तिचा ऋतू पाहावा, असं माझं म्हणणं आहे. उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातले मंगोल घोडेस्वार वसंतात चढाईला निघायला नाखूश असत, कारण हिवाळा काढलेली घोडी तेव्हा हाडावर आलेली असायची. उन्हाळाभर गवत खाऊन ती शरदात भरायची. शिंगं, स्नायूतंतू आणि सरस यांचं मिळून केलेलं त्यांचं धनुष्य दमट हवेत ढिलं पडायचं, कोरड्या हवेत ताठ राहायचं. आणि तटाच्या दक्षिणेला त्याच वेळी बाजरीसारखी धान्यं कापून खळ्यावर आलेली असायची. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघणाऱ्या मराठी फौजांचं वेळापत्रक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे गणित उलगडून सांगायला नको: पाऊस सरला, नद्या उतरल्या, चारा तयार झाला की घोडदळ बाहेर पडतं. फरक एवढाच की इथे आपण घोडदळाची वाट पाहणाऱ्याच्या बाजूला उभे आहोत.

याला पुरावा काय? पहिला पुरावा हल्ल्यांच्या तारखांचा. 1449 मध्ये ओइरात मंगोलांचा नेता एसेन याने तुमू इथे मिंग फौजेचा धुव्वा उडवून खुद्द सम्राटाला कैद केलं. 1550 मध्ये अल्तान खान याच गुबेइकोउच्या भागातून आत घुसला, बीजिंगच्या वेशीबाहेरच्या वस्त्या जाळल्या आणि लूट घेऊन परत गेला. राजधानीत त्यानंतर युद्धमंत्र्याचं डोकं उडवलं गेलं. दोन्ही घटना चिनी पंचांगाच्या आठव्या महिन्यातल्या, म्हणजे ऐन शरदातल्या. दुसरा पुरावा सीमेवरच्या रिवाजाचा. शरद सरता सरता तटाबाहेर जाऊन वाळलेलं गवत कोसच्या कोस पेटवून द्यायचं, हे तिथल्या तुकड्यांचं नेमून दिलेलं काम होतं. शत्रूच्या घोड्याला तटाजवळ चाराच मिळू नये, हा हेतू. दगडाच्या भिंतीवर पूर्ण विसंबलेलं राज्य अशी कामं करत बसत नाही.

तिसरा पुरावा मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तो भिंतीच्याच अंगावर आहे. बादालिंग इथल्या 1582 च्या एका शिलालेखात, शरद-पहाऱ्यासाठी पाळीवर आलेल्या शांतुंग प्रांताच्या डाव्या छावणीच्या सैनिकांनी तटाचा एक भाग बांधल्याची नोंद आहे. जिनशानलिंगच्या तटात ठसे उमटवलेल्या विटा आहेत. त्यांतल्या काहींवर वर्ष आहे 1577, आणि पुढे लिहिलं आहे की ही वीट शांतुंगच्या डाव्या छावणीने केली. शांतुंग हा प्रांत या डोंगरांपासून कित्येक दिवसांच्या मजलांवर, दक्षिणेला. तिथले शिपाई ठरलेल्या हंगामात वर यायचे, पहारा करायचे, आणि पहारा करता करता विटा भाजून तट उभारायचे. हंगाम सरला की पाळी बदलायची. म्हणजे ही भिंत एकदा बांधून मोकळे झाले अशी वास्तू नव्हती. पाळीपाळीने भरणाऱ्या आणि रिकाम्या होणाऱ्या शिबंदीचं ते कामाचं ठिकाण होतं, आणि त्या शिबंदीचं पंचांग गवत आणि घोडे ठरवत होते.

हे डोक्यात ठेवून गुबेइकोउ ते जिनशानलिंग ही वाट चालली तर बांधकामातल्या अनेक गोष्टींचा अर्थ लागतो. आज इथे दिसणारे बहुतेक बुरूज छी जीग्वांग या सेनापतीच्या काळातले आहेत. दक्षिणेच्या किनाऱ्यावर चाच्यांशी लढून नाव कमावलेला हा माणूस 1568 मध्ये राजधानीच्या रक्षणासाठी उत्तरेला आला. त्याची पहिली तक्रार भिंतीच्या उंचीबद्दल जेवढी होती त्याहून जास्त शिपायांच्या हालांबद्दल होती. तट ठेंगणा आणि ढासळता, पहारेकरी उन्हा-थंडीत उघड्यावर, दारूगोळा ठेवायला जागा नाही, त्यामुळे ऐनवेळी तो खालून आणावा लागतो, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणून त्याने पोकळ बुरूज उभारायला घेतले. आपल्या किल्ल्यांचा बुरूज बहुधा भरीव असतो. इथे आत कमानींची दालनं आहेत, तीस ते पन्नास माणसं राहतील एवढी जागा आहे, धान्य आणि बंदुकीची दारू साठवायची सोय आहे, वर टेहळणीचं छोटं घर आहे. असे हजारावर बुरूज थोड्या वर्षांत झाले. पानलोंगशान भागात चोवीस खिडक्यांचा म्हणून प्रसिद्ध असलेला दुमजली बुरूज अर्धा पडला आहे, आणि पडल्यामुळेच त्याच्या पोटातली रचना आडवा छेद घेतल्यासारखी दिसते. तटबंदीतला हा बदल विटांपेक्षा माणसांच्या बेगमीचा होता.

जिनशानलिंगच्या खड्या चढांवर आणखी एक विलक्षण गोष्ट दिसते. बुरुजाकडे चढत जाणाऱ्या फांजीवर, चालायच्या वाटेतच, ठरावीक अंतराने आडव्या भिंती घातल्या आहेत. माणसाला आडोसा होईल एवढ्या उंच, एका कडेला जेमतेम जायला जागा ठेवलेल्या, आणि त्यांनाही जंग्या आहेत. त्या जंग्या तटाबाहेर रोखलेल्या नाहीत, फांजीवरूनच वर येणाऱ्यावर रोखलेल्या आहेत. शत्रू तटावर चढणारच, हे बांधणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. तो चढल्यावर पायरी पायरीने त्याला रखडवायचं आणि तेवढ्या वेळात मदत पोहोचवायची, असा तो हिशोब होता. मदत बोलवायची व्यवस्थाही मोजूनमापून होती. पंधराव्या शतकातल्या नियमाप्रमाणे शंभरेक शत्रू दिसला तर एक धूर आणि तोफेचा एक बार, पाचशे असतील तर दोन, हजारावर तीन, पाच हजारांवर चार आणि दहा हजारांवर पाच. रात्री धुराच्या जागी जाळ. शरदातल्या निवळ हवेत आज फोटोंसाठी जे अंतर नजरेच्या टप्प्यात येतं, त्याच अंतरावर ही निरोपांची साखळी चालायची. धुरासोबत तोफही का, हे धुक्याच्या सकाळी तिथे उभं राहिलं तर लगेच कळेल.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. हल्ले काय फक्त शरदात होत होते? नाही. पश्चिमेला ओर्दोस भागात हिवाळ्यात पिवळी नदी गोठली की तिच्यावरून घोडेस्वार सरळ पलीकडे येत. राजधानीच्या या पट्ट्यात शरदाच्या पहाऱ्यासारखाच वसंताचाही पहारा होता. तेव्हा शरद हे एकच उत्तर आहे असा माझा दावा नाही. धोक्याला वेळापत्रक होतं आणि बचाव त्या वेळापत्रकावर बांधलेला होता, एवढाच आहे. बर्फावरून येणारे हल्ले आणि वसंतातली पाळी या दोन्ही गोष्टी त्या दाव्याला छेद न देता पुष्टीच देतात. शरदाचं वजन त्यात अधिक, कारण घोडा आणि धान्य दोन्ही एकाच वेळी तयार व्हायचं.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. पहारा जर हंगामी होता, तर मग एवढं चुना-विटांचं अवाढव्य काम कशाला? 2009 मध्ये चीनने जाहीर केलेल्या मोजणीत फक्त मिंग काळातल्या तटबंदीची लांबी 8,851 किलोमीटर भरली. हा आकडा उघडून पाहिला तर उत्तराचा अर्धा भाग हाती येतो. त्यातली प्रत्यक्ष बांधलेली भिंत 6,259 किलोमीटर, खंदक 359, आणि उरलेले 2,232 किलोमीटर म्हणजे कडे, नद्या अशा निसर्गाच्याच अडचणी. चौथा हिस्सा कोणी बांधलेलाच नाही. जिथे डोंगर स्वतः राखण करतो तिथे बांधायचं नाही, जिथे घोडा चढू शकतो तिथे बांधायचं, असं हे काटकसरीचं शास्त्र आहे. (2012 मध्ये सर्व राजवटींच्या सगळ्या तटबंद्या मिळून 21,196 किलोमीटर हा जो आकडा आला, त्यात एकमेकींना समांतर गेलेल्या आणि हजार-दीड हजार वर्षांच्या अंतराने बांधलेल्या भिंती आहेत. गुबेइकोउलाच मिंगांच्या आधी जवळजवळ हजार वर्षं झालेल्या उत्तर छी राजवटीच्या तटाचे अवशेष आहेत. एकच सलग भिंत हे आपल्या पाठ्यपुस्तकी कल्पनेतलं चित्र. ती चंद्रावरून दिसते हेही तसंच. 2003 मध्ये अंतराळात जाऊन आलेल्या यांग लिवेई या पहिल्या चिनी अंतराळवीराला ती पृथ्वीच्या कक्षेतूनसुद्धा दिसली नव्हती.) उत्तराचा दुसरा अर्धा भाग असा, की माणसं ये-जा करत असतील तेव्हाच जागच्या जागी राहणाऱ्या गोष्टीची किंमत वाढते. नव्या पाळीच्या शिपायाला डोंगर ओळखीचा नसतो. त्याला तयार आडोसा, तयार कोठार आणि पुढच्या बुरुजाची खूण लागते. वीट ही सोय करत होती.

तिसरा आक्षेप सगळ्यात जुना: एवढं करून भिंत निकामीच ठरली ना? 1550 मध्ये अल्तान खानाला गुबेइकोउला समोरून तोफा-बंदुकांनी अडवलं, तर त्याची माणसं बाजूच्या दरीतला दुबळा तट फोडून पाठीमागून आली. 1629 मध्ये मांचूंच्या होंग ताइजीने पूर्वेकडची भक्कम वाट टाळून याच राजधानी-पट्ट्यातल्या खिंडी फोडल्या. हे खरं आहे. पण मधल्या काळात काय झालं ते पाहा. छी जीग्वांगचा दरबारातला पाठीराखा, मंत्री चांग चुचेंग, 1582 मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी छीला दूर दक्षिणेत पाठवून दिलं. त्याने दक्षिणेतून सोबत आणलेल्या सैनिकांबद्दल एक प्रसिद्ध हकिगत आहे: छावणीबाहेर हुकमाची वाट पाहत ते दिवसभर मुसळधार पावसात जागचे हलले नाहीत, आणि सीमेवरचे जुने शिपाई थक्क झाले. याच दक्षिणी तुकड्यांनी 1595 मध्ये थकलेल्या पैशांची मागणी केली, तेव्हा मिंग सेनाधिकाऱ्यांनीच त्यांची कत्तल केली. बुरूज त्यानंतरही जागेवरच होते. 1644 मध्ये बंडखोर ली त्झुचेंग बीजिंगवर चालून आला तेव्हा ज्युयोंगग्वानच्या शिबंदीने शस्त्रं खाली ठेवली, आणि काही आठवड्यांतच शानहायग्वानचा सेनापती वू सानग्वी याने मांचूंना आत घेतलं. दोन्ही वेळा दार आतून उघडलं. भिंत म्हणजे मुळात माणसांची व्यवस्था होती असं मानलं, तर ती कधी आणि का कोसळली याची तारीख विटांमध्ये न शोधता पगाराच्या वह्यांमध्ये शोधावी लागते. ज्यांना ती फक्त अडसर वाटते त्यांच्यापाशी 1550 चं उत्तर आहे, पण 1571 चं नाही.

1571 मध्ये अल्तान खानाशी तह झाला. वर्षानुवर्षं तो जे मागत होता, म्हणजे घोडे विकून कापड, धान्य, भांडी घ्यायला सीमेवर बाजार, ते अखेर मिंग दरबाराने दिलं. 1550 च्या स्वारीमागेही हीच मागणी होती. (याच अल्तान खानाने 1578 मध्ये सोनाम ग्यात्सो या तिबेटी लामाला ‘दलाई लामा’ ही पदवी दिली. लुटारू एवढीच त्याची ओळख करून देणं अन्यायाचं आहे.) जिनशानलिंगच्या विटांवरचं 1577 हे वर्ष तहानंतरचं आहे हे विसरू नये. पश्चिमेकडची आघाडी शांत झाल्याने पैसा आणि माणसं मोकळी झाली, पूर्वेकडच्या मंगोल टोळ्यांचा धोका मात्र टळला नव्हता, आणि त्या उसंतीत हा तट सुबक झाला. शांततेमुळे भिंत बांधता आली, असं म्हणायला जागा आहे. भिंतीमुळे शांतता आली असं म्हणण्यापेक्षा मला तरी हे अधिक पटतं.

पुढे मांचूंचं राज्य आल्यावर तटाच्या दोन्ही बाजू एकाच सत्तेखाली गेल्या आणि गुबेइकोउच्या शरदाचा रंग पालटला. 1681 मध्ये कांगशी सम्राटाने तटाच्या उत्तरेला मुलान इथे शिकारीचं रान राखून ठेवलं. शरद आला की सम्राट लवाजम्यासह निघायचा, तिथे मंगोल सरदार त्याला येऊन मिळायचे, शिकार व्हायची, नजराणे आणि मेजवान्या व्हायच्या. ज्या महिन्यांत पूर्वी मंगोल घोडे दक्षिणेला यायचे, त्याच महिन्यांत आता बीजिंगचा दरबार उत्तरेला जाऊ लागला. 1691 मध्ये गुबेइकोउच्या सेनापतीने ढासळलेला तट दुरुस्त करायची परवानगी मागितली तेव्हा कांगशीने ती नाकारली. मिंगांनी एवढी डागडुजी केली म्हणून त्यांचं राज्य टिकलं का, लोकांची मनं सांभाळणं हाच खरा तट, असा त्याच्या उत्तराचा रोख होता. हे उत्तर उदात्त आहे, पण सोयीचंही आहे, कारण तटाबाहेरचे मंगोल आता त्याचे मित्र होते. शंभर वर्षांनी, 1793 च्या सप्टेंबरात, मॅकार्टनी यांचं ब्रिटिश शिष्टमंडळ सम्राटाच्या भेटीला याच वाटेने गेलं. त्यांच्यातला पॅरिश नावाचा तोफखान्याचा अधिकारी तटावर चढून मापं घेत बसला. पहारेकरी नसलेली भिंत तोवर पाहायची गोष्ट झाली होती.

राहिला आजच्या चालणाऱ्याचा प्रश्न, आणि इथला आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: ऋतू, व्यवस्था, पहारा हे सगळं समजून घेण्याच्या नावाखाली हजारो बूट त्याच विटांवर आपटणार असतील तर घरी बसून वाचलेलं काय वाईट? चीनमध्ये 2006 च्या डिसेंबरपासून भिंतीच्या रक्षणाचे स्वतंत्र नियम लागू आहेत आणि पर्यटनासाठी खुल्या नसलेल्या भागांत सहली नेण्याला त्यांत मनाई आहे. मनाई योग्यच आहे. पण पायांपेक्षा मोठे घाव इतर हातांनी घातले आहेत. विसाव्या शतकात घरांसाठी, गोठ्यांसाठी तटाच्या विटा सर्रास काढल्या गेल्या. 2023 मध्ये शान्शी प्रांतात ये-जा करायला जवळची वाट हवी म्हणून दोघांनी यंत्र लावून तटाला खिंडार पाडलं. आणि दुरुस्तीच्या हौसेने केलेलं नुकसानही आहेच: ल्याओनिंग प्रांतात सुइचोंगजवळ झाडा-झुडपांतला एक देखणा, पडका तट वरून सपाट गिलावा करून सिमेंटच्या रस्त्यासारखा करून टाकला. 2016 मध्ये त्याचे फोटो बाहेर आले तेव्हा चीनभर संताप उसळला. पाणी आत शिरू नये म्हणून हे केलं, असा खुलासा झाला. तटाला पाण्याची आणि मुळांची भीती असते हे आपल्याकडच्या किल्ल्यांवर काम करणाऱ्यांनाही माहीत आहे, पण फांजी, चर्या, जंग्या सगळं एका थराखाली गेल्यावर वाचायला काही उरत नाही.

म्हणून दुरुस्त केलेले आणि पडके अशा दोन्ही प्रकारचे तट एकाच वाटेवर जिथे नियमात राहून बघता येतात, तिथेच जावं, आणि गुबेइकोउ-जिनशानलिंगची शिफारस मी त्यासाठीच करतो. ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळावा. चीनच्या राष्ट्रीय सुट्टीत तिथे माणसांशिवाय काही दिसत नाही. महिनाअखेरीला रंग उतरणीला लागतात, सकाळी बोटं गारठतात, पण हवा सर्वांत स्वच्छ असते. चढावर आडव्या भिंतींपाशी थांबून जंग्यांची तोंडं कुठे वळली आहेत ते पाहावं. बुरुजात शिरल्यावर तीस माणसं कुठे झोपत असतील याचा अंदाज घ्यावा. खुणेच्या पाट्या जिथे तट सोडून खाली उतरायला सांगतात तिथे मुकाट्याने खालची पायवाट धरावी. कुठला बुरूज कुठल्या बुरुजाला दिसतो आणि घोडा कुठून वर येऊ शकला असता, हे त्या वाटेवरूनही तितकंच कळतं. बाहेरच्या बाजूने, म्हणजे वर येणाऱ्याच्या नजरेने, तर जरा जास्तच.